लाल वाइनला फेस का येतो? लाम्ब्रुस्को समजून घेताना

युरोपीय संघाशी मुक्त व्यापार कराराची बातमी आली की वाइनवरच्या आयात शुल्काचा विषय निघतोच. हे शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं, त्यामुळे इटलीतल्या शेकडो वाइनपैकी आपल्या दुकानांत मोजकीच नावं दिसत आली. त्यांतलं एक नाव हमखास गोंधळात टाकतं: लाम्ब्रुस्को. बाटली उघडली की फस्स असा आवाज होतो, पेल्यात जांभळट लाल रंग उतरतो आणि वर गुलाबी फेस चढतो. फसफसणारी वाइन म्हणजे पांढरी आणि लाल वाइन म्हणजे शांत, अशी आपली समजूत. आमच्या घरी ही बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा मामांनी पेला उजेडाकडे धरला, फेस बसेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "अरे, ही आंबली तर नाही ना?"

मामांचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा होता. वाइन म्हणजे आंबलेला द्राक्षरसच. तो कुठे आंबला, किती आंबला आणि मध्येच का थांबला, हे कळलं की लाम्ब्रुस्को कळली.

बुडबुडा येतो कुठून?

सकाळी झाडावरून उतरवलेली नीरा गोड आणि शांत असते. ऊन चढलं की तिला फेस येतो, गोडी उतरते आणि तिची ताडी होते. तिच्यातल्या यीस्टनं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय बुरशीनं, साखर खाऊन दोन गोष्टी तयार केलेल्या असतात: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. द्राक्षाच्या रसात हेच घडतं. साध्या वाइनमध्ये हा वायू उघड्या टाकीतून उडून जातो. त्याला कोंडलं की तो वाइनमध्येच विरघळतो आणि झाकण उघडल्यावर बुडबुडे होऊन बाहेर येतो.

हिशोबही सोपा आहे. एक लिटर वाइनमध्ये चार ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर साखर आंबली तर साधारण एक लिटर वायू तयार होतो. आठ-दहा ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की लाम्ब्रुस्कोला पुरेल एवढा फेस मिळतो.

पण मुळात ही वाइन बाटलीत आंबली कशी? याचं उत्तर हवेत आहे. लाम्ब्रुस्को उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताची, त्यातही मोदेना आणि रेज्जो एमिलिया या दोन जिल्ह्यांची. द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडली जातात, रस आंबू लागतो आणि तेवढ्यात पो नदीच्या मैदानातली धुक्याची थंडी येते. थंडीत यीस्ट गारठतं आणि काम अर्धवट टाकतं. इडलीचं पीठ फ्रीजमध्ये ठेवल्यावर फुगायचं थांबतं, तसंच. मग शेतकरी ती वाइन बाटलीत भरून ठेवायचे. वसंतात ऊब आली की यीस्ट जागं व्हायचं आणि उरलेली साखर बंद बाटलीतच आंबायची. बूच उडू नये म्हणून ते दोऱ्यानं बांधत. शोध-बिध कुणी लावला नाही. त्या गावांतली थंडी आणि ऊब यांच्या पाळीनंच ही वाइन घडवली.

लाम्ब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही

आंबा म्हटलं की हापूसही आला, पायरीही आली आणि केसरही. लाम्ब्रुस्को हे तसंच कुळाचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिन लेखनात 'लाब्रुस्का' हा शब्द शेताच्या कडेला उगवणाऱ्या रानवेलीसाठी येतो आणि नावाचं मूळ तिथे सांगितलं जातं. इथे एक घोटाळा आधीच टाळायला हवा. वनस्पतिशास्त्रात 'व्हायटिस लॅब्रुस्का' म्हणून जी वेल ओळखली जाते ती अमेरिकन. आपल्या बाजारात येणारं, सालीतून गर सुटून येणारं बंगलोर ब्लू द्राक्ष त्या अमेरिकन वेलीच्या नात्यातलं. इटलीतल्या लाम्ब्रुस्कोचा तिच्याशी संबंध नाही, ती युरोपीय द्राक्षवेलच आहे.

कुळात बऱ्याच जाती आहेत. तीन ओळखल्या तरी पुरे. ग्रास्पारोस्सा मोदेनाच्या दक्षिणेला कास्तेल्वेत्रोच्या टेकड्यांवर होते. शरदात तिचे देठ आणि पानं लाल होतात, त्यावरूनच तिला नाव पडलं. तिची वाइन गडद आणि तुरट. सालामिनोचा घड बारका आणि लांबट, छोट्या सालामीसारखा, म्हणून सालामिनो. आणि तिसरी सोर्बारा, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

सोर्बारा हे मोदेनाच्या उत्तरेचं गाव. सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांच्या मधे, गाळाच्या वाळूमिश्रित जमिनीत ही द्राक्षं होतात. आणि या वेलीत एक मोठी उणीव आहे: तिचे परागकण वांझ असतात. द्राक्षाची लागवडीतली बहुतेक फुलं स्वतःचं स्वतः फळतात, हिचं फूल मात्र कामापुरतं मादीच. पपईच्या बागेत जशी नराची चार झाडं राखावी लागतात, तशा सोर्बाराच्या शेजारी दुसऱ्या जातीच्या वेली लावाव्या लागतात. बहुधा सालामिनोच्या. तरीही फुलोऱ्यात पाऊस झाला की मणीगळ ठरलेली, आणि उरलेल्या घडात टपोऱ्या मण्यांच्या मधे न वाढलेले बारके मणी दिसतात. आपल्याकडे निर्यातीला असा घड दाखवला तर व्यापारी हातही लावणार नाही.

पण घड विरळ राहिला म्हणजे मण्यांमधून वारा खेळतो, कुजीचा धोका घटतो, आणि झाडाची ताकद थोड्या मण्यांत उतरते. सोर्बाराची वाइन फिक्या लाल रंगाची, जवळजवळ गुलाबी, आणि चवीला विलक्षण आंबट असते. १९७० मध्ये इटलीनं सोर्बारा, ग्रास्पारोस्सा आणि सालामिनो या तिघींना डीओसी हे संरक्षण दिलं. डीओसी म्हणजे आपल्या भौगोलिक मानांकनासारखी गोष्ट, फक्त नियम अधिक काटेकोर: कुठल्या गावांत, कुठल्या जातीचं, किती प्रमाणात. सोर्बाराच्या नियमात किमान ६० टक्के सोर्बारा लागते आणि सालामिनो ४० टक्क्यांपर्यंत चालते. शेजारीण म्हणून लावलेली वेल अशी कायद्यातही आली.

पूर्वी या भागात वेली झाडांवर चढवत. शेताच्या बांधावर एल्म वृक्षांच्या रांगा आणि दोन झाडांच्या मधे झोपाळ्यासारख्या सोडलेल्या वेली. इटालियन लोक याला 'लग्न लावलेली वेल' म्हणतात. आपल्याकडच्या पानमळ्यात शेवरी-पांगाऱ्यावर पानवेल चढवतात, त्याचंच हे रूप. खाली गहू, वर द्राक्षं.

टाकीत की बाटलीत?

वायू कोंडायचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची चव वेगळी.

पहिला जुना मार्ग वर आलाच: वाइन थोड्या साखरेसकट बाटलीत भरायची आणि पुढचं काम बाटलीतच होऊ द्यायचं. यीस्टचा गाळ तळाशीच राहतो, वाइन किंचित गढूळ असते.

दुसरा मार्ग मोठ्या बंद टाकीचा. इटलीतल्याच आस्ती इथल्या संशोधन केंद्राचे प्रमुख फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १९०७ मध्ये फ्रान्सच्या युजीन शार्मा यांनी त्यात सुधारणा केली. वाइन दाब सोसणाऱ्या टाकीत घ्यायची, त्याच द्राक्षाचा गार करून राखून ठेवलेला गोड रस तिच्यात मिसळायचा, टाकी बंद करायची. हवा तेवढा दाब चढला की गार करून यीस्टला झोपवायचं, गाळून घ्यायचं आणि दाब न सोडता बाटल्या भरायच्या. फळाचा ताजा वास यात सगळ्यात चांगला टिकतो. आजची बहुतेक लाम्ब्रुस्को अशीच होते.

तिसरा मार्ग शॅम्पेनचा: बाटलीत आंबवायची, महिनोन् महिने गाळावर ठेवायची, मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेशी आणून तो काढून टाकायचा. वेळखाऊ आणि महाग.

दाबाचा अंदाज घरातल्या कुकरवरून घेता येईल. शिट्टी होते तेव्हा कुकरच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो. 'फ्रिझांते', म्हणजे हलकी फसफसणारी वाइन, १ ते २.५ बारची. 'स्पुमांते', म्हणजे पूर्ण फसफसणारी, किमान ३ बारची. शॅम्पेनमध्ये हा दाब ५-६ बारपर्यंत जातो. लाम्ब्रुस्को बहुधा फ्रिझांते असते, म्हणून तिचा फेस भसकन वर येतो आणि लवकर बसतो.

हे तिन्ही मार्ग एकाच घरात पाहायचे असतील तर सोर्बाराचं पाल्त्रिनिएरी कुटुंब घ्या. १९२६ पासून हे घर तिथेच आहे, सध्या तिसरी पिढी वाइन करते. त्यांचे मळे क्रिस्तो नावाच्या पट्ट्यात आहेत, जिथे दोन्ही नद्या एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात. त्यांची 'राडीचे', म्हणजे 'मूळ', ही वाइन आजोबांच्या पद्धतीनं बाटलीतच आंबते आणि गाळासकट विकली जाते. 'लेक्लिस्से' टाकीत होते. 'ग्रोस्सो' शॅम्पेनच्या पद्धतीनं. द्राक्ष तिन्हींत सोर्बाराच. एकाच गळ्यातून तीन राग ऐकावेत तसा हा अनुभव आहे, आणि छोट्या घरानं एका अवघड वेलीवर एवढा जीव लावावा याचं मला फार कौतुक वाटतं. नदीकाठचं हे वैभव जोखमीचंही आहे. जानेवारी २०१४ मध्ये सेक्कियाचा बांध फुटला आणि सोर्बारा ज्या तालुक्यात येतं त्या बोम्पोर्तोत पाणी शिरलं.

पण लाल वाइनला फेस हवा कशाला?

हा आक्षेप जाणकारही घेतात आणि त्यात तथ्य आहे. लाल रंग द्राक्षाच्या सालीतून येतो. रस बहुतेक जातींत बिनरंगीच असतो. साल रसात भिजत ठेवली की रंगाबरोबर टॅनिनही उतरतं. टॅनिन म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळणारा तो तुरटपणा. गारव्यानं हा तुरटपणा अधिक बोचरा लागतो आणि बुडबुड्यांनी त्यात भर पडते. म्हणूनच जगातली बहुतेक फसफसणारी वाइन पांढरी किंवा गुलाबी असते.

लाम्ब्रुस्को या कोंडीतून दोन वाटांनी सुटते. सोर्बारात टॅनिन मुळातच कमी आणि आंबटपणा जास्त, म्हणून ती सरबतासारखी गार पिता येते. ग्रास्पारोस्सा तुरट, म्हणून तिच्यात बऱ्याचदा थोडी साखर राखतात किंवा ती जरा कमी गार देतात.

आणि खरं कारण ताटात आहे. हा प्रांत डुकराच्या मांसाचा आणि चीजचा. प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिजानो चीज, मांसाच्या रश्शातल्या तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या छोट्या गुंडाळ्या, आणि न्योक्को फ्रित्तो नावाच्या चरबीत तळलेल्या पुऱ्या. पुऱ्याच म्हणायला हव्यात: लाटलेली कणीक चौकोनी कापून तळतात, ती टम्म फुगते, आणि गरम असतानाच तिच्यावर मांसाचा पातळ काप ठेवतात. अशा जेवणात तोंडावर तुपकट थर बसतो. आंबटपणा आणि बुडबुडे तो थर धुऊन काढतात. माशाच्या जेवणावर सोलकढी का लागते, हे मालवणी माणसाला सांगावं लागत नाही. मोदेनातल्या माणसाला लाम्ब्रुस्को तशीच लागते. तिकडच्या जुन्या खाणावळींत ती पांढऱ्या वाडग्यातून पीत. पांढऱ्या चिनीमातीवर तो जांभळा फेस कडेला चढतो आणि ओसरताना एक ओलसर जांभळी रेघ ठेवून जातो. या वाइनची मोठी जुनी कंपनी क्लेतो कियार्लीसुद्धा खाणावळीतूनच उभी राहिली: मोदेनातला खानावळवाला गिऱ्हाइकांसाठी वाइन करायचा, तिची इतकी मागणी झाली की १८६० मध्ये त्यानं वेगळा व्यवसाय काढला.

ही तर गोड आणि स्वस्त वाइन ना?

ही समजूत अमेरिकेतून पसरली. १९५० मध्ये रेज्जो एमिलियात रिउनीते ही सहकारी संस्था स्थापन झाली. आपल्याकडे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोच हा काळ, आणि हेतूही तोच: एकेकट्या लहान शेतकऱ्याला व्यापाऱ्यासमोर टिकता यावं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिची गोड, हलकी लाम्ब्रुस्को अमेरिकेत जाऊ लागली. कोलावर वाढलेल्या पिढीला ती आवडली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे वर्षाला एक कोटीहून अधिक पेट्या खपत होत्या.

त्यानं हजारो शेतकरी जगले, हे मी कमी लेखणार नाही. पण जगभर लाम्ब्रुस्को म्हणजे लाल सोडा असं समीकरण बसलं आणि घरासाठी कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली, आंबट वाइन करणाऱ्या कुटुंबांना आपलं नाव सांगायची चोरी झाली. ते नाव परत मिळवायला या लोकांना काही दशकं लागली. एकाच मळ्याची द्राक्षं, कमी उतारा, साखर जवळजवळ शून्यावर, आणि बाटलीवर जातीचं नाव ठळक.

विकत घेताना लेबलवरचा एक शब्द पाहिला तरी फसगत टळते. 'सेक्को' म्हणजे कोरडी, लिटरला जास्तीत जास्त १५ ग्रॅम साखर. 'आमाबिले' म्हणजे गोडसर, ३० ते ५० ग्रॅम. 'दोल्चे' म्हणजे सरळ गोड. गोड वाईट असं मुळीच नाही. गोड ग्रास्पारोस्सा फळांच्या टार्टबरोबर छान लागते. फक्त कोरडी समजून गोड उघडली की जेवणाची घडी बिघडते.

मग बाहेरून गॅस भरला तर काय बिघडतं?

लहानपणी गोटी सोड्याची गोटी अंगठ्यानं दाबून आत ढकलायची मजा आठवत असेल. बाटलीच्या मानेत गोटी अडकून राहायची ती आतल्या वायूच्या दाबानंच. तो वायू यंत्रानं भरलेला असायचा. वाइनमध्येही तसं करता येतं, पण युरोपच्या कायद्यानुसार मग लेबलवर 'गास्सिफिकातो', म्हणजे गॅस भरलेली, असं लिहावंच लागतं. आंबण्यातून आलेला वायू वाइनमध्ये सावकाश मुरतो आणि त्याच वेळी यीस्ट वास आणि चवीतही भर घालत असतं. भरलेल्या वायूबरोबर यातलं काही येत नाही.

तळाला गाळ आहे, ओतून द्यावी का?

नाही. बाटलीत आंबलेल्या वाइनच्या तळाशी यीस्ट बसतं, ते अपायकारक नाही. बाटली दिवसभर उभी ठेवून हलक्या हातानं ओतली तर वरची वाइन स्वच्छ मिळते. काही जण उघडण्याआधी बाटली एकदा हळूच उलटी करून गाळ मिसळून घेतात. मग चव पावाच्या पिठासारखी, भरीव लागते. मात्र नेहमीच्या शांत लाल वाइनमध्ये अचानक बुडबुडे दिसले तर मामांचा संशय खरा: तिथे नको असताना काहीतरी पुन्हा आंबलेलं असतं.

लाल आहे, म्हणजे तब्येतीला चांगली?

असं मानू नये. लाम्ब्रुस्कोत अल्कोहोल साधारण ११ टक्क्यांच्या आसपास असतं, बऱ्याच लाल वाइनपेक्षा थोडं कमी. पण जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. जो पीत नाही त्यानं आरोग्यासाठी सुरू करावी असं या वाइनमध्ये काही नाही.

नाशिकला होईल का?

फसफसणारी वाइन महाराष्ट्राला नवी नाही. १९८० च्या दशकात नारायणगावच्या इंडेज कंपनीनं फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं ती बनवली आणि परदेशात पाठवली. २०१३ मध्ये फ्रान्सच्या शांदों कंपनीनं नाशिक भागातल्या द्राक्षांची स्पार्कलिंग वाइन बाजारात आणली. तंत्र, टाक्या, माणसं, सगळं इथे आहे.

अडचण आंबटपणाची आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च खुडा. मण्यांत साखर भरते तेव्हा दिवस तापत चाललेले असतात आणि उष्णतेनं द्राक्षातलं आम्ल झपाट्यानं उतरतं. म्हणून इथे स्पार्कलिंगची द्राक्षं लवकर खुडावी लागतात. लाल द्राक्ष लवकर खुडलं तर रंग कच्चा आणि साल तुरट राहते. सोर्बारासारखी वेल, जी पिकूनही आंबट राहते आणि तुरट होत नाही, ती इथल्या वाइन द्राक्षांत नाही; आपली शिराज, काबर्ने वगैरे बहुतेक फ्रान्समधून आलेली.

पण वेल निवडून आपलीशी करण्याची विद्या आपल्याकडे आहे. तासगावच्या बाजूची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका आणि शरद सीडलेस या खाण्याच्या द्राक्षजाती शेतकऱ्यांनी स्वतःच्या बागेत एखादी वेगळी काडी हेरून, ती वाढवून उभ्या केल्या. वाइनच्या द्राक्षात अशी काडी कुणी हेरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. ती हेरायची तर फेब्रुवारी अखेरच्या उन्हातही ज्या वेलीचे मणी चावल्यावर दात आंबतात, त्या वेलीला आधी चिंधी बांधून ठेवावी लागेल.